नापास झालेलं मूल आणि शाळेतला छळ: नागपूरच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक मेच्या आसपास शाळांचे निकाल लागतात आणि माझा फोन वाजायला लागतो. मी नागपुरात चोवीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी वर्षं आठवी-नववीची वर्गशिक्षिका होते. निवृत्तीनंतर वर्ष रिपीट करणाऱ्या मुलांच्या पालकांशी बोलते. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे नापास झालेलं मूल जवळजवळ दोन महिने कूलरसमोर बसून एकाच गोष्टीचा विचार करत असतं: मागच्या वर्षी जे माझ्या मागे होते, त्यांच्याच बाकावर आता मी बसणार. पालकांना मार्कांची काळजी असते, मुलाला त्या बाकाची. खालचे प्रश्न मला दरवर्षी विचारले जातात. उत्तरं अनुभवातून दिली आहेत. कायद्याचं जिथे येतं तिथे कायदा सांगितला आहे.

वर्ष रिपीट करणाऱ्या मुलांना खरंच जास्त त्रास दिला जातो, की आम्हालाच तसं वाटतं?

खरंच दिला जातो. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची ‘पिसा’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी असते. तिच्या २०१८ च्या फेरीतल्या ७४ देशांमधल्या साडेचार लाखांहून अधिक मुलांच्या उत्तरांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी कधीतरी वर्ष रिपीट केलं होतं, त्यांनी चिडवणं, धमकावणं, वस्तू हिसकावणं, ढकलाढकली यांच्या तक्रारी बाकीच्यांपेक्षा जास्त सांगितल्या. काही प्रकारांत हा फरक मुलींमध्ये अधिक ठळक होता. भारत त्या फेरीत नव्हता. पण नंदनवन असो की मानेवाडा, आपल्या कोणत्याही शाळेच्या मधल्या सुट्टीत अर्धा तास उभं राहा, वेगळं चित्र दिसणार नाही.

एक लक्षात ठेवा. असा अभ्यास दोन गोष्टी सोबत असतात एवढं सांगतो. कोणती आधी आली, हे त्यातून कळत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे आणि त्याचं उत्तर पुढे सविस्तर दिलं आहे.

पोरं एकमेकांना चिडवतातच. मग छळ कशाला म्हणायचं?

या विषयावर आयुष्यभर काम केलेले नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी तीन खुणा सांगितल्या आहेत: मुद्दाम दुखावण्यासाठी केलेलं असतं, पुन्हापुन्हा केलेलं असतं, आणि ज्याला त्रास होतो तो जोरात कमी पडतो. तिसरी खूण नीट बघा. नापास झालेला मुलगा वर्गात सगळ्यांत उंच असतो, त्याला मिसरूड फुटलेली असते, म्हणून मोठ्यांना वाटतं की याला कोण त्रास देणार! पण जोर अंगात असतो तसा संख्येतही असतो. चाळीस मुलं वर्षानुवर्षं एकत्र आली आहेत आणि हा एकटा वरून खाली आला आहे. उंचीचा त्याला काही उपयोग होत नाही, उलट ती लपवता येत नाही म्हणून तो बाकावर वाकून बसायला लागतो.

नापास झाला म्हणून छळ होतो, की छळ होत होता म्हणून नापास झाला?

दोन्ही होतं, आणि दुसरी बाजू आपण जवळजवळ कधीच बघत नाही.

आठवीतला एक मुलगा माझ्या वर्गात होता. अभ्यासात मध्यम, अक्षर सुंदर. दिवाळीनंतर मार्क घसरले. सहामाहीत गणितात काठावर होता, वार्षिक परीक्षेत तर पेपर कोराच ठेवला. तेव्हा आठवीपर्यंत नापास करत नसत, त्यामुळे तो वर गेला, आणि नववीत मात्र बसवला गेला. दोन्ही वर्षं आम्ही सगळे एकच वाक्य म्हणालो: लक्ष नाही पोराचं. नववीचा निकाल लागल्यावर त्याच्या आईनं उपस्थिती किती आहे असं सहज विचारलं, म्हणून मी हजेरीपट काढला. ‘गै’च्या लाल खुणा उभ्या ओळीत होत्या. मंगळवार, शुक्रवार. मंगळवार, शुक्रवार. सबंध दुसरं सत्र तसंच. त्या दोन दिवशी शेवटचा तास पी.टी.चा असे. मैदानावर लक्ष ठेवायला कोणी नसायचं आणि चार मुलं त्याला पंपाच्या खोलीमागे नेत. गणिताचा नवा धडा बहुतेक मंगळवारी सुरू व्हायचा. तो मुलगा गणितात कच्चा नव्हताच, तो मंगळवारी शाळेत नव्हता.

हजेरीपट वर्षभर माझ्याच टेबलावर होता. मी रोज त्यावर सही करत होते. हे मी आजही विसरू शकत नाही, म्हणूनच हे पान लिहिते आहे.

चक्र असं चालतं. त्रास होतो, मूल शाळा टाळतं. पोट दुखतं, डोकं दुखतं, रिक्षा चुकते. अभ्यास बुडतो, आणि वर्गात असलं तरी लक्ष मागच्या बाकाकडे असतं. निकाल लागतो आणि वर्ष रिपीट करावं लागतं. नव्या वर्गात आता चिडवायला कारणही आयतं मिळतं. जुने त्रास देणारे वरच्या वर्गात, पण त्याच इमारतीत असतात आणि त्यांच्या सोबत जिन्यात भेट होते. तेव्हा निकाल हातात आल्यावर ‘किती मार्क पडले’ याच्याबरोबर ‘मागच्या वर्षी तुला कोण त्रास देत होतं’ हेही विचारा. आणि वर्गशिक्षकांकडे फक्त टक्केवारी मागू नका, तारखेवार उपस्थिती मागा. वार बघा.

आता आठवीपर्यंत कोणालाच नापास करत नाहीत ना?

तसं राहिलेलं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवायचं नाही, असं त्यात होतं. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेऊन मूल मागे ठेवायचं की नाही, हे राज्यांवर सोपवलं. महाराष्ट्रानं २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा सुरू केली. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत शाळेला त्याची पुनर्परीक्षा घ्यावीच लागते. त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवता येतं. केंद्रीय विद्यालयं, नवोदय अशा केंद्राच्या शाळांसाठी तसे नियम डिसेंबर २०२४ मध्ये आले. पहिली ते चौथी, सहावी आणि सातवीत मात्र आपल्या राज्यात मूल मागे ठेवता येत नाही. आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढूनही टाकता येत नाही.

पुनर्परीक्षेचा हक्क पुष्कळ पालक सोडून देतात, कारण निकाल लागताच गावी निघून जातात. तिकिटं काढण्याआधी शाळेकडून पुनर्परीक्षेची तारीख लेखी घ्या.

नववीत शाळा मुद्दाम बसवतात, हे खरं का?

नववीला शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण नाही, आणि दहावीच्या शंभर टक्के निकालाचे फ्लेक्स चौकाचौकात लागतात. मी स्टाफरूममध्ये बसलेली आहे. काठावरची मुलं दहावीत गेली तर निकाल खाली येईल, ही चर्चा मी ऐकली आहे. सगळ्याच शाळा असं करत नाहीत. पण शंका असेल तर उत्तरपत्रिका बघायला मागा, अंतर्गत गुण कसे दिले ते विचारा, आणि हे तोंडी नको, अर्ज देऊन करा.

‘सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा’, म्हणजे शाळेत न जाता थेट दहावीची परीक्षा द्या, असा सल्ला मिळाला तर घाई करू नका. काही मुलांना तो उपयोगी पडतो. पण त्यानं रोजची शाळा तुटते. ज्या मुलाला आधीच एकटं पाडलं गेलं आहे, त्याला वर्षभर घरात एकटं ठेवण्यासारखं ते होतं.

पहिले दोन महिने सगळं शांत होतं. मग अचानक कसं सुरू झालं?

कारण पहिले काही आठवडे नवा वर्ग अंदाज घेत असतो. काहींना तर वरच्या वर्गातून आलेल्या मुलाचा धाकही असतो. पहिली घटक चाचणी झाली, तिचे मार्क वर्गात मोठ्यानं वाचले गेले आणि त्यात हा मागे दिसला, की धाक संपतो.

आपल्याकडे नेमका त्याच सुमारास पोळा येतो. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पिवळ्या आणि काळ्या मारबतीची, म्हणजे इडापीडेच्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, सोबत बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे असतात, आणि सगळं शहर ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणतं. एका वर्षी माझ्या वर्गातल्या मुलांनी खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक बडग्या केला. डोकं म्हणून वहीचा चोळामोळा केलेला कागद, हातात शून्य काढलेली पाटी आणि गळ्यात वर्ष रिपीट करणाऱ्या मुलाचा रोल नंबर. मधल्या सुट्टीत तो वर्गाभोवती फिरवला. मी पोचले तेव्हा तो मुलगाही हसत होता. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. मला वाटलं, गंमत आहे, त्यालाही चालतंय. घरी गेल्यावर त्यानं दोन दिवस जेवण केलं नाही, हे मला त्याच्या आजीकडून कळलं.

म्हणून सांगते, मूल हसतंय याचा अर्थ त्याला चालतंय असा काढू नका. हसणं ही त्या क्षणी त्याच्याजवळची एकच ढाल असते. जून-जुलै बरे गेले तरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा एकदा शाळेत जाऊन या.

वर्गशिक्षकच टोमणे मारतात. काय करावं?

‘तुला तर हे मागच्या वर्षीच शिकवलंय.’ ‘जुने खेळाडू, उभे राहा.’ शिक्षकाला वाटतं हे अभ्यासाला लावण्यासाठी आहे. चाळीस मुलांना त्यातून परवानगी मिळते. सर बोलतात तर आपणही बोलू शकतो, इतका साधा हिशेब असतो. फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना साल्मिवाल्ली यांच्या कामातून पुढे आलेली गोष्ट हीच आहे: छळ दोघांत घडत नाही, तो बघणाऱ्यांसमोर घडतो. बघणारे हसले की तो वाढतो, त्यांनी साथ काढून घेतली की कमी होतो. वर्गातला सर्वांत मोठा बघणारा शिक्षक असतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्ही मनाई आहे. तरी पहिली पायरी म्हणून थेट कलम दाखवू नका. शिक्षकांना वेगळं भेटून तारीख आणि शब्द सांगा: ‘सर, सोमवारी तुम्ही असं म्हणालात आणि त्या दिवसापासून पोरं त्याला तेच म्हणून राह्यली.’ मी स्वतः असं बोललेली आहे आणि एका बापानं मला असंच शांतपणे सांगितलं होतं. त्यानंतर मी ते वाक्य पुन्हा उच्चारलं नाही. सांगूनही थांबलं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या.

धाकटा भाऊ आता त्याच वर्गात आला आहे.

ही सगळ्यांत नाजूक वेळ. चुलत-मावस भावंडांचंही तेच. दोघांची तुकडी वेगळी करा, यावर तडजोड नको. एकच तुकडी असेल तर बाक आणि गट तरी वेगळे असू द्या. धाकट्याला घरातला बातमीदार करू नका. ‘आज दादाला कोणी काय म्हटलं’ हे त्याला विचारलं की तो दोन बाजूंनी चिरडला जातो: शाळेत मित्र, घरी तुम्ही. आणि दोघांची प्रगतिपत्रकं एकाच दिवशी, एकाच टेबलावर उघडू नका. एका घरात मोठ्या बहिणीनं धाकट्याची सगळी पुस्तकं जिन्याखाली लपवून ठेवली होती. तिला मारून काय होणार होतं?

शाळा बदलली तर सुटका होईल?

कधी होते. पण नागपूर जितकं मोठं वाटतं तितकं नाही. सक्करदऱ्याची शाळा सोडून महालात घातलं, पण ट्यूशन तीच, ऑटोतली मुलं तीच आणि मोबाईलवरचा ग्रुप तोच, तर बातमी आठवड्यात नव्या शाळेत पोचते. बदलायचीच असेल तर ट्यूशन आणि ऑटोही बदला.

मी तीन गोष्टी बघते. मुलाला स्वतःला बदलायची आहे का? आताच्या शाळेत त्याच्या बाजूनं उभा राहील असा एक तरी शिक्षक किंवा मित्र आहे का? आणि शाळेला आपण काही करायची संधी दिली का? मित्र असेल तर सहसा थांबावं असं माझं मत आहे. एक खरा मित्र नव्या इमारतीपेक्षा जास्त कामाचा.

दाखल्यावरून अडवलं तर ऐकून घेऊ नका. आठवीपर्यंतच्या मुलाला मागितल्यावर टीसी लगेच द्यावी लागते, आणि टीसी यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

मुलींच्या बाबतीत काही वेगळं असतं का?

असतं. मुलींचा त्रास बहुधा आवाज न करता होतो. डबा खायला गोल करतात आणि तिला जागा ठेवत नाहीत. ती आली की बोलणं थांबतं. ‘ताई’ म्हणायला लागतात, आणि त्या शब्दाला वेगळी धार असते. वयानं मोठी म्हणून तिच्या शरीरावरून बोलतात, तिच्या नावाला कोणत्यातरी मुलाचं नाव जोडतात. शिक्षकांना काहीच दिसत नाही.

त्यात घरून आणखी एक वाक्य येतं: ‘नाही जमत तर राहू दे, घरकाम शिक.’ शाळेत तिला कोणी जवळ करत नाही आणि घरात शाळेतून काढायची भाषा सुरू होते. ज्या मुली मधेच शाळा सोडतात त्यांच्यातल्या कितीतरी अभ्यासामुळे नाही, या एकटेपणामुळे सोडतात. मुलगी नापास झाली तर पहिल्याच दिवशी तिच्या आजी-आजोबांसमोर सांगून टाका की तिची शाळा सुटणार नाही. हे वाक्य तिनं ऐकलं पाहिजे.

आमच्याच मुलाची तक्रार आली. तो लहान मुलांना मारतो.

नापास झालेलं मूल नेहमी सोसणारंच असतं असं नाही. वर्गात मोठं, अपमानानं पेटलेलं, आणि मार्कांत नाही तर मनगटात तरी पुढे राहायचं ठरवलेलं. काही मुलं दोन्ही असतात. मधल्या सुट्टीत वरच्या वर्गातले जुने सोबती त्याला टपल्या मारतात आणि तो त्याचा राग नव्या वर्गातल्या बारक्यावर काढतो. पाठीशी घालू नका. ज्याला मारलं त्याच्या घरी जाऊन मुलाला सोबत घेऊन माफी मागा. पण त्याच संध्याकाळी त्याला हेही विचारा, की तुझ्यासोबत काय होऊन राह्यलं आहे.

घरी सांगत नाही. ओळखायचं कसं?

रविवारी संध्याकाळी चिडचिड वाढते, शनिवारी मूल मोकळं असतं. शाळेतून आल्याबरोबर बाथरूमकडे धावतं, कारण शाळेच्या बाथरूममध्ये जायची त्याला भीती वाटते. डबा तसाच परत येतो किंवा आल्या आल्या हपापल्यासारखं खातं. पेन, कंपास, पाण्याची बाटली वारंवार ‘हरवते’. सायकलची हवा रोज जाते. ऑटोत पुढे ऑटोवाल्या काकांजवळच बसायचा हट्ट असतो. ऑटोवाल्यांना जरूर विचारा. शिक्षकांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं आणि त्यांना कोणीच विचारत नाही.

मुलाशी काय बोलावं?

समोर बसवून चौकशी नको. गाडीवर मागे बसलेलं असताना, भाजी निवडताना, रात्री गच्चीवर पाणी शिंपडताना बोला. डोळ्यांत बघावं लागलं नाही की मुलं बोलतात. ‘तुला कोणी छळतं का?’ याला उत्तर ‘नाही’च येतं. त्यापेक्षा ‘मधल्या सुट्टीत कुठे बसतोस? सोबत कोण असतं?’ असं विचारा.

‘तू पण ठेवून दे दोन’ हे सांगू नका. तो एकटा आहे, ते चाळीस आहेत, आणि पकडला तोच जाईल. ‘दुर्लक्ष कर’ हेही अर्धवटच, कारण त्याचा अर्थ मूल असा घेतं की बाबा यात पडणार नाहीत. अमेरिकेतल्या शेन जिमर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहावीतल्या मुलांना विचारलं होतं, की कोणत्या घटनेची सगळ्यांत जास्त धास्ती वाटते. वर्ष रिपीट करणं मुलांनी आई-वडील गमावणं, दृष्टी जाणं यांच्या रांगेत ठेवलं. आपल्याला ते एक वर्ष वाटतं, त्यांना तेवढं मोठं असतं. म्हणून ‘एवढं काय त्यात’ हे शब्द टाळा.

एक तयार उत्तर मात्र शिकवून ठेवा, कारण प्रश्न येणारच. ‘हो, मी हे वर्ष पुन्हा करून राह्यलो. पुढे?’ आरशासमोर चार वेळा म्हणून घ्या. लपवायला काही उरलं नाही की चिडवणाऱ्याचा अर्धा जोर जातो.

तक्रार कोणाकडे, कशी करायची?

आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, आणि दुसऱ्या भेटीपासून सगळं लेखी. तारीख, वेळ, जागा, कोण होतं, काय झालं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. शाळेत तक्रारपेटी असते, मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्यापैकी एकाला सोबत न्या. सीबीएसईच्या शाळांना छळ रोखण्यासाठी समिती नेमण्याच्या सूचना मंडळानं २०१५ मध्येच दिल्या आहेत.

तिथे भागलं नाही तर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी: प्राथमिक शाळेसाठी प्राथमिक विभागाचे, माध्यमिक शाळेसाठी माध्यमिक विभागाचे. शाळा महापालिकेची असेल तर मनपाचा शिक्षण विभाग. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली केलेल्या तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणानं तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे.

मागताना शिक्षा मागू नका, बदल मागा. ‘त्या पोराला काढा’ म्हटलं की शाळा बचावात जाते. ‘पी.टी.च्या तासाला मैदानावर शिक्षक हवेत, माझ्या मुलाचा बाक दुसऱ्या रांगेत हवा, पंधरा दिवसांनी मला भेटायचं आहे’ असं म्हटलं की नाही म्हणणं कठीण जातं.

शाळा म्हणते, दोन्ही मुलांना समोरासमोर बसवून मिटवून टाकू.

नको म्हणा. बरोबरीच्या भांडणात हे चालतं. छळात ज्याला भीती वाटते त्याला त्याच खोलीत बसवून ‘सांग आता’ म्हटलं तर तो गप्प राहणार, आणि बाहेर गेल्यावर दुप्पट भोगणार. दोघांशी वेगवेगळं बोला असा आग्रह धरा.

मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये निकालाचा फोटो फिरवला.

स्क्रीनशॉट घ्या, तारीख दिसू द्या, मगच मुलाला ग्रुपमधून बाहेर काढा. ते शाळेच्या वेळेबाहेर घडलं असलं तरी वर्गातल्याच मुलांनी केलेलं असल्यानं शाळेला कळवा.

जातीवरून बोलले, किंवा अंगाशी घाणेरडेपणा केला तर?

मग हा शाळेच्या पातळीवर मिटवायचा विषय राहत नाही. लैंगिक प्रकाराला २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो आणि माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे. जातीवरून अपमान झाला असेल तर अॅट्रॉसिटी कायद्याबद्दल वकिलांशी बोला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना मोफत वकील मिळतो.

मन लावून अभ्यास करूनही नापास होतो.

मग अभ्यासाकडे नाही, शिकण्याच्या अडचणीकडे बघा. अक्षरं उलटी होणं, वाचताना ओळ सुटणं, तोंडी सगळं येतं पण लिहिता येत नाही, अशी मुलं मी ‘आळशी’ म्हणून फळ्यापाशी उभी केलेली आहेत. माझी चूक होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. शासकीय रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळ दहावी-बारावीला जादा वेळ आणि इतर सवलती देतं. अडचण न ओळखता तेच वर्ष, त्याच पद्धतीनं पुन्हा करून घेतलं, तर पुन्हा तेच होणार.

‘मला जगायचंच नाही’ असं म्हणाला. धमकी असेल का?

धमकी समजू नका. त्याला एकटं सोडू नका, फिनेल, गोळ्या, शेतीची औषधं हाताशी ठेवू नका, आणि सरळ विचारा: मरून जावं असं वाटतं का? विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. उलट कोणीतरी ऐकलं म्हणून मूल हलकं होतं. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ वर दिवसरात्र मराठीत मोफत बोलता येतं, मुलांसाठी १०९८ आहे. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. तिथे जायला लाज वाटून घेऊ नका, ताप आल्यावर जातो तसंच जा. त्या आठवड्यात शाळा, ट्यूशन, मार्क सगळं बाजूला.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी काय करून ठेवावं?

मागच्या वर्षीची पुस्तकं वापरायची असतील तर नवी कव्हरं घाला आणि जुन्या नोंदी, अधोरेखनं जमतील तेवढी खोडून काढा. कडा फाटलेलं, आत पेननं उत्तरं लिहिलेलं पुस्तक बाकावर ठेवलं की मुलाला न विचारताच सगळ्यांना सगळं कळतं. काही शाळा रिपीट करणाऱ्यांची नावं हजेरीपटाच्या शेवटी लिहितात. वर्गशिक्षकांना आधीच भेटून नाव आडनावाच्या क्रमानं इतरांमध्येच घालायला सांगा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि वर्षभर रोज सकाळी त्याचा उपयोग होतो.

नव्या वर्गातला एखादा मुलगा जवळपास राहत असेल तर सुट्टीत त्याला दोन-तीनदा घरी बोलवा, आंबे खाऊ घाला, क्रिकेट खेळू द्या. मंगळवार-शुक्रवारच्या त्या मुलासाठी आम्ही हेच केलं होतं. त्याच्या आईनं शेजारच्या गल्लीतला एक मुलगा शोधला. पहिल्या दिवशी दोघं सायकलींवर सोबत आले, आणि मी हजेरी घेताना दोघांची नावं एकाखाली एक आली.